एजंटच्या धमकीला घाबरून आमचा फोरम बंद करू का?

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून)

दादा, नमस्कार. मी लेस्टरला राहते. मी आणि माझे मिस्टर गेली बरीच वर्षं ब्रिटनमधल्या मराठी लोकांसाठी एक छोटा चर्चा फोरम चालवतोय. जाहिराती नाहीत, फी नाही, होस्टिंगचे पैसे आम्हीच भरतो. नर्सेस आहेत, केअर होममध्ये काम करणारे आहेत, आयटीवाले आहेत, नवीन आलेल्या सुना आहेत. घर भाड्याने कसं घ्यायचं, शाळेचा फॉर्म, व्हिसा, पुरणपोळीसाठी इथे कुठलं पीठ चालतं, सगळं त्यावर असतं. आता झालंय असं की दोन-तीन मुलांनी एका एजंटबद्दल लिहिलं, व्हिसाच्या स्पॉन्सरशिपच्या नावाखाली लाखो रुपये घेतले आणि नोकरी नाहीच. त्या एजंटने मला मेसेज केला की थ्रेड काढा नाहीतर ऑनलाईन सेफ्टी ॲक्टखाली तक्रार करतो, १८ मिलियन पौंडांचा दंड बसेल. मिस्टर म्हणतात उगाच लफडं नको, सगळं बंद करून व्हॉट्सॲप ग्रुप काढू. दुसरं म्हणजे आमच्याकडे बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनवर एक जुना थ्रेड आहे, बायका तिथे फार मोकळेपणाने लिहितात, अगदी जीव द्यावासा वाटतो इथपर्यंत. तो पण डिलीट करायचा का? सगळ्यांचे पासपोर्ट मागून वय तपासायचं का? आणि सर्व्हर पुण्याला भावाकडे हलवला तर सुटू का आम्ही? रात्र रात्र झोप नाही, प्लीज लवकर उत्तर द्या.

उत्तर

ताई, नमस्कार.

फोरम बंद करू नका. आणि तो एजंटचा थ्रेड धमकी आली म्हणून उडवू नका, त्याचं काय करायचं ते खाली नीट सांगतो. मी वकील नाही, त्यामुळे उद्या खरंच वकिलाची नोटीस घरी आली तर ती घेऊन इथल्या सॉलिसिटरकडे जायचं, माझ्या उत्तरावर थांबायचं नाही. पण तुम्ही ज्या भीतीत आहात त्यातली निम्मी तरी त्या माणसाने मुद्दाम घातलेली आहे, ती आधी काढू.

मिस्टरांना रागवू नका. त्यांना वाटतंय तसं बऱ्याच जणांना वाटलं. हा ऑनलाईन सेफ्टी ॲक्ट, म्हणजे साईट किंवा ॲपवरच्या बेकायदेशीर मजकुराची जबाबदारी ते चालवणाऱ्यांवर टाकणारा ब्रिटनचा कायदा, २६ ऑक्टोबर २०२३ ला झाला, आणि १७ मार्च २०२५ पासून बेकायदेशीर मजकुराबद्दलच्या जबाबदाऱ्या प्रत्यक्ष लागू झाल्या. त्याच्या आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, लंडनच्या सायकलवाल्यांचा एक जुना नावाजलेला फोरम चालवणाऱ्या एकट्या माणसाने जाहीर केलं की मी १६ मार्चला सगळं बंद करतोय, कारण ही जबाबदारी एकट्याने अंगावर घेणं शक्य नाही. हॅमस्टर पाळणाऱ्यांचा एक फोरम होता, त्यांनी पण दुकान बंद केलं आणि इन्स्टाग्रामवर गेले. हॅमस्टर पाळणारे लोक! त्यांच्याकडून समाजाला काय धोका होता सांगा बरं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण कायदा करताना नाव घेतलं जात होतं मोठमोठ्या कंपन्यांचं, आणि शेवटी छोटी माणसं हात जोडून घरी गेली आणि त्यांची माणसं जाऊन बसली त्याच मोठ्या कंपन्यांच्या ॲपवर.

पण हा कायदा उगाच आला असं पण नाही, आणि हे मी तुम्हाला सांगितलंच पाहिजे. २०१७ मध्ये मॉली रसेल नावाची १४ वर्षांची मुलगी गेली, लंडनच्या हॅरो भागातली. ती जायच्या आधी तिच्या फोनवर स्वतःला इजा करण्याबद्दलचं, आत्महत्येबद्दलचं प्रचंड मटेरियल येत होतं, ॲप आपणहून पाठवत होतं. २०२२ मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, स्पष्ट म्हटलं की ऑनलाईन मजकुराचा तिच्या मृत्यूत वाटा आहे. तिच्या वडिलांनी कितीतरी वर्षं यासाठी घालवली. मग "सगळं इंटरनेट मोकळं सोडा, कुणी काही बघू नका" असं मी तरी म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही म्हणणार नाही, तुम्ही आई आहात का मला माहीत नाही पण पत्रातली काळजी वाचून कळतं.

आणि छोट्या साईट्सना सरसकट सूट का नाही, याचंही कारण आहे. ऑफकॉमने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या संस्थेने, एप्रिल २०२५ मध्ये या कायद्याखालची पहिली चौकशी सुरू केली ती एका आत्महत्येच्या फोरमचीच होती. फेसबुकसमोर तो फोरम किती छोटा, पण धोका बघा. म्हणजे आकार लहान असला की माणूस निरुपद्रवी असतो असं धरता येत नाही, हे मला पटतं. न पटणारी गोष्ट ही की हॅमस्टरवाल्यांना आणि त्या फोरमला एकाच रांगेत उभं करून दोघांनाही तेच फॉर्म दिले.

आता तुमच्यावर नक्की काय येतं ते सांगतो. तुमच्याकडे लोक लिहितात आणि दुसरे लोक ते वाचतात, म्हणजे तुम्ही कायद्यात येता. (नुसता स्वतःचा ब्लॉग असता आणि खाली लोकांच्या कमेंट्स असत्या तर त्याला सूट आहे, पण तुमचं तसं नाही.) पहिलं काम रिस्क असेसमेंट. गुन्ह्यांच्या प्रकारांची एक यादी आहे, दहशतवाद, मुलांचं लैंगिक शोषण, धमक्या आणि छळ, फसवणूक, ड्रग्ज, हत्यारं, आत्महत्येला मदत, बेकायदेशीर स्थलांतर वगैरे, आणि प्रत्येकासमोर तुम्ही लिहायचं की आमच्या फोरमवर हे होण्याची शक्यता किती, का, आणि आम्ही काय करतो. ऑफकॉमच्या साईटवर याच्यासाठी एक फुकट टूल आहे, एकेक प्रश्न विचारत जातं. कंटाळवाणं आहे, खूप कंटाळवाणं आहे, पण दोघांनी मिळून एखाद्या सुट्टीच्या दिवशी बसून होण्यासारखं आहे. एकाचं नाव जबाबदार व्यक्ती म्हणून लिहायचं, रिपोर्टचं बटण सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं, तक्रार कशी करायची आणि पोस्ट काढली गेली तर दाद कशी मागायची ते नियमांत साध्या मराठीत आणि इंग्रजीत लिहायचं, बेकायदेशीर काही आलं तर पटकन काढायचं. हे सगळं लिहून जपून ठेवायचं आणि वर्षातून एकदा परत बघायचं. तुमच्या फोरमवर प्रायव्हेट मेसेजमधून फोटो पाठवता येत असतील आणि कुणी फारसं वापरत नसेल तर ती सोय बंद करून टाका, बरीच जोखीम तिथेच कमी होते.

तो १८ मिलियनचा आकडा खरा आहे, १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरातल्या उत्पन्नाच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल ते, पण ती वरची मर्यादा आहे, आणि कायद्यात सगळीकडे शब्द आहे तो प्रमाणाचा, म्हणजे साईट केवढी आणि धोका केवढा ते बघून. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑफकॉमने फोरचॅन या साईटला दंड केला तो २०,००० पौंडांचा, आणि तो कशासाठी, तर ऑफकॉमने माहिती मागितली आणि त्यांनी उत्तरच दिलं नाही म्हणून. यातून तुम्ही एवढंच घ्या की ऑफकॉमचं पत्र किंवा ईमेल आला तर तो बाजूला टाकायचा नाही, त्याच आठवड्यात उत्तर द्यायचं.

पासपोर्ट कुणाचेही मागू नका, देवाशपथ मागू नका, एवढ्या लोकांचे पासपोर्ट तुमच्या घरच्या लॅपटॉपवर आले तर तोच एक मोठा धोका होईल. २५ जुलै २०२५ पासून जी कडक वयतपासणी आली ती मुख्यतः पॉर्न असणाऱ्या किंवा आत्महत्या, स्वतःला इजा, खाण्याचे आजार याला उत्तेजन देणारा मजकूर चालू देणाऱ्या साईट्ससाठी. तुम्हाला करायचंय ते हे, की मुलं आपल्या फोरमवर मोठ्या संख्येने येतात का, येतील असं काही आहे का, याचा वेगळा विचार करून लिहून ठेवायचं. भाड्याचं ॲग्रीमेंट आणि व्हिसा वाचायला १३ वर्षांचं पोर येत नाही, पण "येत नाही" एवढं नुसतं लिहू नका, का येत नाही ते लिहा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. या कायद्यात खरी मेख दंडात नाहीये, ती आहे "हे बेकायदेशीर आहे का" हे ठरवायचं कुणी यात. कायदा म्हणतो की एखादी पोस्ट गुन्हा आहे असं मानायला वाजवी कारण असेल तर ती बेकायदेशीर धरायची, आणि त्यात लिहिणाऱ्याचा हेतू काय होता, त्याच्याकडे काही बचाव आहे का, हे पण बघायचं. आता हे काम कोर्टात न्यायाधीश करतात, दोन्ही बाजूंचे वकील ऐकून, महिने महिने घेऊन. तेच काम तुम्ही रात्री ११ वाजता, घरची भांडी घासून झाल्यावर, मोबाईलवर करायचं. मग माणूस काय करतो? घाबरतो आणि काढून टाकतो. ठेवलं आणि चुकलं तर दंड, काढलं आणि चुकलं तर कुणी विचारत पण नाही. वर ऑफकॉम असंही म्हणतं की तुमचे स्वतःचे नियम कायद्यापेक्षा कडक असतील तर त्या नियमांनी काढलं तरी चालेल, मग प्रत्येक जण नियम इतके रुंद करतो की त्यात चिडून लिहिलेलं, राजकारणाचं, एखाद्या कंपनीविरुद्धचं, सगळंच बसतं. बोलण्याच्या स्वातंत्र्याला धक्का लागतो तो असा, कुणी सेन्सॉर येऊन कात्री लावत नाही, आपण स्वतःच स्वतःला कापत जातो. वयतपासणी सुरू झाल्यावर पण हेच दिसलं, ऑगस्ट २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की एक्स आणि रेडिटवर युक्रेन आणि गाझाबद्दलच्या पोस्ट्ससुद्धा वय न तपासलेल्या लोकांसाठी अडवल्या जात होत्या. पार्लमेंटने असं काही सांगितलं नव्हतं. कंपन्यांनी आपला जीव वाचवला.

आपल्या लोकांना ही भीती नवीन नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर साधं मत लिहिलं, दुसरीने लाईक केलं, आणि दोघींना अटक. तेव्हा लावलेलं भारताच्या आयटी ॲक्टमधलं ६६ अ हे कलम, त्यातले "अत्यंत आक्षेपार्ह" वगैरे शब्द, ब्रिटनच्या २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टमधल्या शब्दांशी जवळपास जुळणारे होते. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम पूर्ण रद्द केलं, कारण शब्द इतके मोघम की कुणालाही अडकवता येईल. ब्रिटनमध्ये ते २००३ चं कलम अजून आहे. पण इथे पण लोकांनी आवाज उठवला म्हणून एक गोष्ट झाली, या नव्या कायद्याच्या मसुद्यात मोठ्या माणसांसाठी, म्हणजे १८ वर्षांवरच्यांसाठी, "कायदेशीर पण हानिकारक" मजकुराचा भाग होता तो नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने काढला. त्यामुळे मोठ्या माणसाने लिहिलेलं, मोठ्या माणसांनी वाचलेलं, कायद्याने गुन्हा नसलेलं काहीही तुम्ही काढलंच पाहिजे असं आज हा कायदा म्हणत नाही. उलट, लोकांच्या अभिव्यक्तीच्या हक्काचा आणि प्रायव्हसीचा विचार करायचा हे पण याच कायद्यात तुमच्यासारख्यांचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, २२ वं कलम बघा. हे मिस्टरांना नक्की दाखवा.

म्हणून तुमचे नियम अरुंद ठेवा. गुन्हा असेल ते काढू, कुणाचा पत्ता-फोन टाकला तर काढू, शिवीगाळ काढू, बास. "कुणाच्या भावना दुखावतील असं काही" हे वाक्य नियमांत घालू नका, त्याच्यात अख्खा महाराष्ट्र बसेल.

आता एजंट. पहिली गोष्ट, ऑफकॉम एकेका पोस्टच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, साईटची एकूण व्यवस्था बघतं. दुसरं, त्याची बदनामी झाली असं त्याचं म्हणणं असेल तर ती इंग्लंडमध्ये दिवाणी बाब आहे, या कायद्यात ती येतच नाही. तिसरं, या कायद्याच्या यादीत फसवणूक आहे, पण फसवणूक करणारी पोस्ट, म्हणजे खोट्या नोकरीची जाहिरात. फसवलं गेलेल्या मुलाने दुसऱ्यांना सावध करणं म्हणजे फसवणूक नव्हे. तो माणूस चोरांसाठी केलेला कायदा घर लुटलेल्यांच्याच अंगावर फेकतोय, आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण ती मुलं कुठून पैसे आणतात हे आपल्याला माहीत आहे, शेत गहाण टाकून, आईचे दागिने मोडून.

बदनामीच्या बाजूने मात्र सावध राहा. २०१३ च्या डिफेमेशन ॲक्टमध्ये ५ वं कलम आहे, वेबसाईट चालवणाऱ्यांना बचाव देणारं. एजंटने नीट लेखी तक्रार केली, कुठली पोस्ट, त्यात काय खोटं आहे, सगळं सांगून, तर तुम्ही ४८ तासांच्या आत (शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे सोडून) ती लिहिणाऱ्याला कळवायची. लिहिणाऱ्याने ठरलेल्या ५ दिवसांत उत्तर दिलं नाही तर पोस्ट काढावी लागते. तो म्हणाला मी ठाम आहे आणि तुमच्याकडे त्याने खरं नाव-पत्ता दिला, तर पोस्ट राहू शकते, मग एजंटने त्याच्याशी भांडावं. नुसता "काढा नाहीतर बघतो" हा मेसेज म्हणजे अशी तक्रार नाही. तरी आजच त्या मुलांशी बोला. त्यांना म्हणा "चोर", "भामटा" हे शब्द काढा आणि काय झालं तेवढं लिहा, किती पैसे, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, काय सांगितलं होतं आणि काय मिळालं. बँकेचे कागद, चॅटचे स्क्रीनशॉट त्यांनी स्वतःकडे जपून ठेवायचे, फोरमवर टाकायचे नाहीत. खरं असणं हा इथल्या कायद्यात पूर्ण बचाव आहे, पण ते दाखवता आलं पाहिजे. आणि अजून एक, ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना व्हिसाचा सल्ला धंदा म्हणून देणं हा गुन्हा आहे. इमिग्रेशन ॲडव्हाइस ॲथॉरिटीच्या यादीत त्याचं नाव आहे का बघा, तो सॉलिसिटर वगैरे नसेल आणि यादीतही नसेल तर तक्रार त्यानेच नाही, तुम्ही पण करू शकता.

त्याला उत्तर द्या, पण दोन ओळींचं. तुमचा मेसेज मिळाला, कुठली पोस्ट आणि त्यातलं कुठलं विधान चुकीचं आहे ते कृपया लेखी कळवा, आम्ही प्रक्रियेनुसार बघू. भांडू नका, समजावू नका, फोनवर बोलू नका.

बायकांच्या थ्रेडबद्दल वाचून मी बराच वेळ थांबलो. ताई, तो थ्रेड काढू नका. "मला जीव द्यावासा वाटतो" असं एका मोठ्या बाईने लिहिणं हा कुठल्याच कायद्याने गुन्हा नाही. गुन्हा आहे तो दुसऱ्याला तसं करायला उत्तेजन देणं, मदत करणं, जीव द्यायचे मार्ग सांगणं, तसं काही आलं तर एक मिनिट ठेवू नका. पण सासू इथे नाही, आई इथे नाही, नवरा नाईट शिफ्टला, बाळ रडतंय, आणि इंग्लिशमध्ये डॉक्टरला काय सांगायचं ते सुचत नाही, अशा बाईला मराठीत "अगं मलाही झालं होतं, जीपीकडे जा, मी येऊ का बरोबर" असं म्हणणारी कुणीतरी तिथे आहे. ते डिलीट केलं तर कुठलं मूल सुरक्षित होणार आहे? थ्रेड फक्त सभासदांना लॉगिन करून दिसेल असा करा, वरती समॅरिटन्स या मनातलं ऐकून घेणाऱ्या हेल्पलाईनचा ११६ १२३ हा फुकट नंबर आणि तातडीसाठी ९९९ चिकटवून ठेवा, आणि अनुभवी अशा दोन बायकांना तिथे लक्ष ठेवायला सांगा. रिस्क असेसमेंटमध्ये हे सगळं लिहा. ज्यांनी विचार करून ठेवलंय आणि का ठेवलंय ते लिहिलंय, त्यांची बाजू बळकट असते.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर मिस्टरांचं एका अर्थी बरोबर आहे, तिथे या कायद्याची जबाबदारी व्हॉट्सॲपवर, ग्रुप ॲडमिनवर नाही. पण कालचा मेसेज आज सापडत नाही, नवीन आलेल्या माणसाला ग्रुप सापडतच नाही, प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. एजंटबद्दलचा तो थ्रेड नांदेडमधल्या एखाद्या मुलाला पैसे भरायच्या आधी गुगलवर सापडला तर त्याचं घर वाचेल, व्हॉट्सॲपवर तो कधीच सापडणार नाही.

हे कायद्याचं काम इथेच थांबलेलं नाही. विकिपीडिया चालवणारी संस्था सगळ्यात कडक वर्गात टाकलं जाण्याच्या भीतीने कोर्टात गेली होती, ऑगस्ट २०२५ मध्ये हरली, पण न्यायाधीशांनी सरकारला बजावलं की विकिपीडियाचं काम अडेल असं काही करायला हा निकाल म्हणजे मोकळीक नव्हे. कायदा रद्द करा या याचिकेवर ५ लाखांहून जास्त सह्या झाल्या. रद्द व्हावा असं मला वाटत नाही, छोट्या आणि कमी धोक्याच्या जागांना खरी सूट मिळावी असं वाटतं, आणि हे तुमच्या भागाच्या खासदाराला सांगायला तुमच्याइतकं योग्य कुणी नाही. एक पानी पत्र लिहा, आम्ही कोण, काय चालवतो, कायद्याच्या नावाने आम्हाला कशी धमकी आली. त्यांच्या सर्जरीची, म्हणजे मतदारांना भेटायच्या बैठकीची, वेळ घेऊन समोर बसून सांगितलंत तर अजून चांगलं.

आणि पुण्याच्या सर्व्हरचं, त्याने काही फरक पडत नाही. सर्व्हर कुठे आहे ते कायदा बघत नाही, ब्रिटनमधले लोक मोठ्या संख्येने वापरतात का ते बघतो, आणि तुमचे तर सगळेच इथले. भावाला उगाच त्रास देऊ नका.